बुचाची सावली

आज कॉलेज रोडवर बुचाच्या फुलांचा वास आला आणि मी जागीच थांबलो.

आमच्या चर्चच्या आवारातलं बुचाचं झाड माझ्या आधीच्या पाळकांनी लावलेलं. उपासना संपली की मी सलाम घ्यायला दारात उभा राहायचो; मंडळी मात्र झाडाखाली फुलांच्या पांढऱ्या सड्यावर जमून त्या पाळकांचेच गुण गायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मुळांनी भिंत फुटेल, असं कमिटीच्या गळी उतरवून मी झाड तोडायला लावलं.

पुढच्या रविवारी आवार झाडणाऱ्या मार्थाबाईंनी विचारलं, “पाळकसाहेब, भिंत तर धड हाय. मग झाड का तोडलं?”

“कमिटीनं ठरवलं,” मी म्हणालो.

मंडळी उन्हात न थांबता घरी गेली.

मी निवृत्त झालो, तरी तिथे ‘बुचवाले पाळक’ म्हणजे ते आधीचेच. झाड नाही, तरी मला त्यांचा हेवा वाटतोच.