फलकावरची अकरावी ओळ

पारनेर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यात एक काळा गुणवत्ता फलक आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात लिहायचं, अशी जुनी पद्धत. आठवीच्या या परीक्षांचं काम माझ्याकडे असायचं. अर्ज, फोटो, हॉलतिकीट, सराव पेपर, सगळ्याच्या याद्या माझ्या वहीत. काम झालं की समोर टिक. त्या टिक करायच्या घाईनेच मला गोत्यात आणलं.

त्या वर्षी आठवीला दोन परीक्षा होत्या. आधी केंद्राची, मग राज्याची. पहिलीचे गुण जाहीर झाले तेव्हा दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या एका पालकाची मुलगी शाळेत पहिली आली होती. पात्रतेला लागणाऱ्या गुणांच्या ती बरीच पुढे होती. मी टिक केली. गावचा पेंटर दुसऱ्या दिवशी यात्रेच्या कामांना निघणार होता, मग महिनाभर सापडणार नव्हता. म्हणून त्याच दुपारी त्याला बोलावून अकराव्या ओळीत तिचं नाव लिहून घेतलं. वडिलांनी फाटकाशी टेम्पो थांबवून फलकाचा फोटो काढला आणि गावात पेढे वाटले.

पण पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. जिल्ह्याच्या जागा ठरलेल्या असतात. जास्त गुणांपासून यादी सुरू होते आणि जागा संपल्या की थांबते. हे मीच दरवर्षी पालकसभेत सांगते. काही दिवसांनी निवड यादी आली. मी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं.

पेंटरला फोन केला. तो म्हणाला, "राहू द्या की बाई. कोन बघतंय?"

"मी बघते ना रोज."

"ट्रॅक्टर विकला म्हनून ट्रॉलीवरची नावं पुसलीत मी. पोरीचं नाव पुसायला काय मी येनार न्हाई."

मग मीच काळ्या रंगाचा डबा आणला आणि ओळ झाकली. परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे, हिची नाही." त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळच्या सराव वर्गाला येणं बंद केलं. राज्याची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

मी घरी गेले. वडील अंगणात दुधाचे कॅन धूत होते. "मॅडम, पेढे मी वाटले, त्वांड बी मीच लपवत फिरतोय. ती म्हनती, आता परीक्षाच द्यायची न्हाई."

ती दारातून म्हणाली, "पुन्हा लिहाल आन् पुन्हा पुसाल."

मी पहिल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका मागितली. तिने काय काय सोडवलं त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आम्ही दोघी ओट्यावर बसून एकेक प्रश्न पाहत गेलो.

"हे अकरा कोरे का सोडलेस?"

"खात्री नव्हती. चुकलं तर गुन कापत्यात ना?"

"कापत नाहीत. सूचनांच्या कागदावर चौथ्या नंबरला लिहिलं होतं की."

"बाई, तुमच्या कागदावर लई नंबर असतात. चौथ्यापर्यंत कोन जातंय?"

वडील कॅन धुता धुता हसले. मला मात्र आठवलं, कागद वाटून मी टिक केली होती, मोठ्याने वाचून दाखवला नव्हता. मी वहीतलं एक पान फाडून त्यावर एकच ओळ लिहिली, 'एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही', आणि ते तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती वर्गात होती.

राज्याच्या परीक्षेचा अंतरिम निकाल आला तेव्हा मी फलकाचा विषयच काढला नाही. अंतिम गुणवत्ता यादी आली, ती छापून घेतली, आणि मगच पेंटरला बोलावलं. उन्हाची तिरीप फलकावर पडली होती. काळ्या रंगाखाली जुनी अक्षरं उठून दिसत होती.

"आखायची गरजच न्हाई बाई," पेंटर म्हणाला. "नाव हायच की खाली."

त्याने ब्रश बुडवला तेवढ्यात ती मध्ये आली. "थांबा काका. बाई, ही शेवटचीच यादी ना?"

मी यादी तिच्या हातात दिली. तिने बोट फिरवत आपलं नाव शोधलं, दोनदा वाचलं आणि पेंटरला म्हणाली, "लिहा."