तलघरातला कॅस्पियन

स्वस्ति श्री. पार्सिपनी-नगर-भूषण, तलघर-परिषद्-संस्थापक, वायुनलिका-विद्या-वाचस्पती, समुद्र-सरोवर-वाद-मध्यस्थ, उभय-तट-विश्वासपात्र, उत्तरवयीन-रशियन-भाषाध्यायी, कुमुदिनी-हस्त-पक्व-मांसरस-वितरक, हिम-मार्जन-कर्मकुशल, श्रीमान त्र्यंबक विनायक सोनटक्के यांनी वयाची पंच्याहत्तर वर्षे पूर्ण केल्याच्या मंगल प्रसंगी, त्यांचा अल्पमती परंतु दीर्घलेखनी सहकारी हा वाङ्मयीन पुष्पगुच्छ सादर करीत आहे.

या बिरुदावलीतील एकही बिरुद मी पदरचे घातलेले नाही. प्रत्येकास आधार आहे आणि तो यथावकाश येईल. मुळात माळेत आणखी एक बिरुद होते, 'कॅस्पियन-सेतु-कर्ता'. ते लिहिले आणि खोडले. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी गौरवलेख मागितला आहे, म्हणून गौरव करतोच. पण हा लेख त्या खोडलेल्या बिरुदाविषयी आहे, हे वाचकांपासून लपवून ठेवणे मला जमणार नाही.

सोनटक्के यांचा आणि माझा प्रथम परिचय २००१ च्या शरद ऋतूत झाला. एका शाळेच्या कॅफेटेरियात आपल्या मंडळाने त्यांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता 'कॅस्पियनचा वायू आणि युरोपची चूल'. श्रोतृवृंद बहुसंख्येने बटाटेवड्यांच्या प्रतीक्षेत होता. नैसर्गिक वायूच्या एका कंपनीत नळांची देखभाल करीत हयात घालवून सोनटक्के निवृत्त झाले होते, आणि वॉशिंग्टनमधील एका अभ्याससंस्थेने त्यांना सल्लागार नेमले होते. उभे राहिल्या राहिल्या त्यांनी विचारले, "कॅस्पियन हा समुद्र आहे की सरोवर?"

मी त्या काळात बेकार होतो, त्यामुळे माझा आत्मविश्वास अपरंपार होता. मी उठून म्हणालो, "सरोवर! जगातलं सर्वांत मोठं. शाळेच्या भूगोलातच आहे."

"बसा," सोनटक्के म्हणाले. "त्याच्या काठावर पाच देश आहेत. समुद्र म्हटलं तर तळाची वाटणी एका रीतीने होते, सरोवर म्हटलं तर दुसऱ्या. हे ठरत नाही म्हणून कुणी तळातून नळ टाकू देत नाही. तुम्ही एका वाक्यात निम्म्या शिष्टमंडळांना दाराबाहेर काढलंत."

नंतर वड्यांच्या रांगेत ते माझ्या मागेच उभे होते. "काय करता?" त्यांनी विचारले.

"सध्या काही नाही, काका. कंपनीनं आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं."

"इंग्रजी मसुदे लिहाल?"

"लिहीन. पण या विषयातलं मला काहीच कळत नाही."

"ते दिसलंच. पण चुकीचं उत्तर इतकं ठामपणे देणारा माणूस मला हवाच होता. मुत्सद्देगिरीत लागतो. सोमवारी या."

अशा रीतीने माझा आंतरराष्ट्रीय राजकारणात प्रवेश झाला.

ज्या कार्याला त्यांनी पुढील सात वर्षे वाहून घेतले, त्याचे स्वरूप सांगायला सोपे आहे. कॅस्पियनच्या पूर्व काठावर तुर्कमेनिस्तान, भूमीत वायू अमाप. पश्चिम काठावर अझरबैजान, तिथून जॉर्जिया आणि तुर्कस्तानमार्गे युरोपकडे जाण्याची वाट. मध्ये पाणी. पूर्वेचा वायू युरोपात जाई तो उत्तरेकडून, रशियाच्या नळांतून, रशियाच्या मर्जीने. २००६ च्या आरंभी रशिया आणि युक्रेन यांच्यात दरावरून बिनसले आणि ऐन थंडीत युरोपातल्या नळांमधला दाब घसरला, तेव्हा सगळ्यांनाच दुसऱ्या वाटेची आठवण झाली. पश्चिमेकडचा नळ तोवर जवळजवळ पुरा होत आला होता. राहिले होते ते मधले पाणी. आणि दोन्ही काठांचे लोक समुद्राच्या मध्यभागी असलेल्या एका तेलक्षेत्रावरून एकमेकांशी धड बोलत नव्हते.

सोनटक्के यांची कल्पना नम्र होती. समुद्र की सरोवर हा वाद पाच देशांनी सावकाश घालावा. तोपर्यंत दोघांनी आपापल्या समुद्रातल्या विहिरींना जोडणारा एक छोटा नळ टाकावा, आणि त्याने कुणाचाही हक्क वाढला वा घटला असे मानू नये. "मी आयुष्यभर दुसऱ्यांनी आखलेल्या नळांची गळती बंद केली," ते एकदा रूट ४६ वर गाडी चालवताना मला म्हणाले. "एक नळ माझा असावा. लांब नको. जोडणारा हवा."

औपचारिक बैठका वॉशिंग्टनला होत आणि निष्फळ होत. खऱ्या बैठका पार्सिपनीला, सोनटक्के यांच्या तलघरात, शनिवारी दुपारी. तिथे एक टेबल होते. पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यातून त्यांनी पोलादी नळाचा तुकडा कापून आणवला होता. उभा केला की मांडीपर्यंत येई, आणि आत दोन पोरे लपून बसतील एवढा रुंद. त्यावर जाड काच ठेवली की गोल टेबल तयार. गोलाला शिरोभाग नसतो, त्यामुळे मानाच्या जागेचा प्रश्नच उद्भवत नाही. पाहुणा आला की ते काच बाजूला करून त्याला नळात हात घालायला लावीत. "आधी हात लावा, मग बोला. तुमच्या कागदांवर ही नुसती रेघ असते."

दोन पाहुणे नेमाने येत. पश्चिम काठाचे रुस्तम, माजी भूगर्भशास्त्रज्ञ, बोलके आणि चटकन चिडणारे. पूर्व काठाचे आमान, माजी अधिकारी, धिप्पाड, मितभाषी आणि खाण्याचे दर्दी. दोघेही पदावर नव्हते, पण दोघांचेही शब्द आपापल्या राजधानीत ऐकले जात. सोनटक्के त्यांच्याशी रशियनमध्ये बोलत. ती भाषा त्यांनी पासष्टी ओलांडल्यावर कॅसेटी लावून आत्मसात केली होती, आणि रुस्तम यांच्या मते ती रेडिओवरच्या निवेदकासारखी वाटे.

त्यांची एक रीत मी अन्यत्र पाहिली नाही. एकाला भेटले की दुसऱ्यासाठी एक निरुपद्रवी प्रश्न ते मुद्दाम मागून घेत. मग वाद पेटला आणि रुस्तम यांनी खवळून विचारले, "ते लोक माझ्या पाठीमागे काय म्हणाले, सांगा!" तर सोनटक्के शांतपणे उत्तरत, "आमान विचारत होते, तुमच्या मुलीचं लग्न झालं का?" आणि आमान यांनी ते खरोखरच विचारलेले असे. रुस्तम यांचा राग जागच्या जागी जिरे, कारण मुलीच्या लग्नाविषयी बोलण्यासारखे त्यांच्याकडे फार होते. सात वर्षांत सोनटक्के यांनी एकाची निंदा दुसऱ्याच्या कानावर घातली नाही. 'उभय-तट-विश्वासपात्र' या बिरुदास हा आधार.

'हिम-मार्जन-कर्मकुशल' यासही आहे. माझे वडील नाशिकला वारले, तेव्हा माझ्या व्हिसाचे नूतनीकरण अडकले होते आणि मला देश सोडता येत नव्हता. आदल्या दिवशी भरपूर बर्फ पडलेले. सकाळी बाहेर खरवडल्याचा आवाज आला, म्हणून खिडकीतून पाहिले, तर सत्तरी गाठलेले सोनटक्के कानटोपी घालून माझा ड्राइव्हवे साफ करीत होते. मी धावत बाहेर गेलो. "काका, हे काय करताय?"

"लोक भेटायला येतील," ते म्हणाले. "घसरून पडतील. तुम्ही आत जा."

काम संपवून फावडे माझ्या गॅरेजच्या भिंतीला टेकवून निघून गेले. ते फावडे अजून माझ्याकडेच आहे.

आता त्या शनिवाराकडे येतो. २००८ चा वसंत. पूर्वेकडे राज्यकर्ते बदलले होते आणि दोन्ही काठांमध्ये बोलणे सुरू झाले होते. जोडनळाचा दोन पानी मसुदा मी इतक्या वेळा लिहिला होता की तो मला संध्येसारखा मुखोद्गत होता. रुस्तम आणि आमान यांनी त्यावर सह्या केल्या, की तो संयुक्त शिफारस म्हणून दोन्ही राजधान्यांत जाणार होता. आणि या दोघांची एकत्र शिफारस डावलणे तिथे कुणालाही जड गेले असते.

सोनटक्के यांच्या पत्नी कुमुदकाकू यांनी मटण केले होते. पाहुणे आता काट्याचमच्याचा नाद सोडून हाताने जेवत. ताटे त्या काचेवरच मांडलेली. मीठ पुढे सरकवताना आमान यांनी आपणहून रुस्तम यांच्या ताटात एक नळी वाढली. रुस्तम यांनी ती मनापासून चोखली. आणि मग आमान बोटे चाटत म्हणाले, "कुठे आहे तुमचा कागद? आणा. आत्ताच करतो."

रुस्तम यांनी डाव्या हाताने खिशातून पेन काढले. मी मसुदा घेऊन अर्धा उठलो.

"नाही," सोनटक्के म्हणाले. "खरकट्या हाताने नाही. टेबलही खरकटं आहे. आधी हात धुवा, मी पुसून घेतो."

खरकटे म्हणजे काय, हे त्यांनी रशियनमध्ये समजावण्याचा प्रयत्न केला. रशियनमध्ये त्यासाठी शब्द नसावा, कारण आमान मोठ्याने हसले. "आमच्याकडे रोटी मोडून शब्द देतात. तेव्हा हात काय धुतलेले असतात?"

जिन्यावर उभ्या असलेल्या कुमुदकाकू मराठीत म्हणाल्या, "अहो, करू द्या ना त्यांना सही! टेबल काय, नंतर पुसता येईल."

"कागद आहे तो, कुमुद. विद्या आहे. उष्ट्या ताटाशेजारी ठेवायचा?"

कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचा, ही शिकवण आपणां सर्वांच्याच अंगात मुरलेली आहे. या लेखाचे वाचकही त्या दिवशी फडके आणायलाच उठले असते. ताटे उचलली गेली. सोनटक्के यांनी ओल्या फडक्याने काच पुसली, मग कोरड्याने पुसली, मग उजेडात वाकून डाग पाहिला आणि पुन्हा पुसली. तलघरातल्या बेसिनला गरम पाणी यायला वेळ लागतो. रुस्तम हात धुऊन आले. आमान हात पुसत असताना त्यांच्या कोटात फोन वाजला.

ते मागच्या दाराने अंगणात गेले. तलघराच्या उंचावरल्या खिडकीतून त्यांचे फक्त बूट दिसत. बूट झपझप चालले, थांबले, वळले, परत चालले. मग बराच वेळ एका जागी उभे राहिले. आम्ही तिघे आरशासारख्या स्वच्छ काचेभोवती बसून ते पाहत होतो.

आमान आत आले ते कोटाची बटणे लावूनच. "आज नको, त्र्यंबक," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला." कुमुदकाकूंना त्यांनी वाकून धन्यवाद दिले. रुस्तम यांनी पेन खिशात ठेवले.

पाहुणे गेल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या मटणानं जमवलं होतं, तुमच्या फडक्यानं घालवलं."

पुढची खेप आली नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झाले, आणि ज्या वाटेने नळ जायचा तिच्यावरून रणगाडे गेले. संस्थेने प्रकल्प आटोपता घेतला. सोनटक्के यांनी तलघर आवरले आणि मला फोन करून सांगितले, "तो नळाचा तुकडा भंगारात द्या. मला जिना उतरला की दिसतो."

नळ न्यायला मी गेलो, तेव्हा ते मागच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारले, "पुसायला नको होतं का हो?"

"काही फरक पडला नसता, काका," मी म्हणालो. "फोन यायचा तो आलाच असता. सही झाली असती तरी त्यांनी मागे घेतली असती."

सोनटक्के यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "ठामपणा अजून आहे तुमच्यात," ते म्हणाले, आणि उठून चहा ठेवायला आत गेले. माझे उत्तर बरोबर होते की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनाही नाही. ते दोघांनीही तसेच राहू दिले आहे.

अशा या सत्पुरुषास उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे सुस्थितीत राहोत, रक्तदाब मर्यादा-पुरुषोत्तम राहो, आणि एखाद्या शनिवारी आमान यांचा फोन त्यांना येवो, निदान रुस्तम यांच्या मुलीच्या लग्नाचे विचारायला तरी. त्यांनी बर्फ काढायला या वर्षीपासून येऊ नये, अशी मी त्यांना जाहीर विनंती करतो. ते ऐकणार नाहीत.

शेवटी एक क्षुल्लक बाब, जी मंडळाच्या कार्यकारिणीच्या निदर्शनास आणणे भाग आहे. तो तुकडा मी भंगारात दिला नाही. कॅस्पियन-पार वायुवाहिनीचा आजवर टाकला गेलेला एकमेव भाग सध्या माझ्या गॅरेजच्या तोंडाशी उभा आहे. तो आणखी हातभर आत सरकायला हवा, परंतु आत मंडळाचे गणपतीचे मखर आणि सतरंज्या आहेत, ज्या 'दोन आठवड्यांसाठी' म्हणून ठेवल्या होत्या. परिणामी गॅरेजचे दार खाली येते, नळाला टेकते आणि पुन्हा वर जाते. डिसेंबर लागला आहे. मी अध्यक्षांना तीनदा फोन केला; ते म्हणतात, मीटिंगमध्ये घेऊ. दार अजून उघडेच आहे.