नकाशावरचा हिरवा रस्ता

रस्त्याकडेला खडीचा ढीग एकदा पडला की तो कुणी उचलत नाही. आमच्या धुळ्याच्या ऑफिसातले किस्सेही तसेच पडून आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे ज्युनिअर इंजिनिअर होतो, आणि रस्ते कॉम्प्युटरवर आले की खड्डे बुजतील असं मनापासून मानत होतो.

*

कॉम्प्युटर आला तशी साहेबांनी खोलीला एसी बसवला आणि दाराशी चपला काढायचा नियम केला. वर्षानुवर्षं डांबर न लागलेल्या रस्त्यांचं ऑफिस, आणि आत यायचं ते पाय पुसून!

*

सर्वेला माझ्यासोबत नाना असायचे. साक्रीकडचे मैलकामगार, त्यांच्याच गावचा रस्ता राखणारे. मी खड्ड्याची खोली मोजायचो, ते बोट दाखवून ओळख करून द्यायचे. "हाऊ दूधवालाना. हाऊ मास्तरना, आठे त्यासना दात पडना."

*

कॉम्प्युटरवरच्या नकाशात लाल म्हणजे खराब, हिरवा म्हणजे चांगला. लाल रस्ते पावसाळ्याआधी दुरुस्त व्हायचे होते. नानांनी चपला काढून आत येऊन आपली लाल रेघ पाहिली.

"आते रस्ता व्हई ना, भाऊ? सून पोटुशी शे."

श्रावणात तिचं बाळंतपण होतं. "होणार," मी छातीठोकपणे म्हणालो.

*

नकाशा वर पाठवायच्या दिवशी साहेब वैतागले. "एवढा लाल? वरचे विचारतील, आजवर तुम्ही काय करत होतात?"

ऑपरेटरने अर्ध्या तासात निम्मा तालुका हिरवा केला. नानांचा रस्तासुद्धा. हिरव्या रस्त्याला डांबर मिळत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी भांडलो. मग सही केली.

*

श्रावणात जीप दूधवाल्याच्या खड्ड्यात अडकली. साक्रीचा दवाखाना गाठायच्या आत सून गेली, बाळही गेलं. ऑफिसात थोडा वेळ हळहळ झाली. मग चहा आला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. त्या वर्षी रोलर, टिकाव, घमेल्यांनंतर कॉम्प्युटरचा नंबर होता. शोभा म्हणून साहेबांनी पडद्यावर नकाशा लावून ठेवायला सांगितला. एकेक जण मॉनिटरच्या डोक्यावर हळदकुंकू वाहून पुढे सरकत होता.

नाना आले. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, काचेवर आपल्या गावापाशी टेकवलं आणि हिरव्या रेघेवरून साक्रीकडे सावकाश ओढत नेलं. अर्ध्या वाटेत बोट थांबलं.

"आठे," ते म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर गेले.

साहेबांनी काच पुसायला रुमाल काढला. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले.