टीव्हीवर उघडलेली मापं

धामणगाव बढ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई शिवणाचा वर्ग चालवायची. दुपारी पायमशिनींचा आवाज आणि कोऱ्या कापडाचा वास, हे आठवलं की अजूनही मला घरी गेल्यासारखं होतं.

मी तेव्हा पुण्यात मोबाइलची ॲप्स लिहायचे. कटिंगच्या आकृत्या आणि गिऱ्हाइकांची मापं ठेवायला आईलाही एक ॲप करून दिलं होतं. दिवाळीत घरी आले, तर दहा बायका तिच्या एवढ्याशा फोनवर वाकून आकृती बघत होत्या. ती टीव्हीवर दाखवणं मला अगदी सोपं वाटलं.

शेगावहून फोन टीव्हीला जोडायची केबल आणली. जोडली, तर टीव्हीवर नुसतं ‘सिग्नल नाही’. आईच्या स्वस्तातल्या फोनला चित्र बाहेर पाठवायची सोयच नव्हती. ज्या कामावर माझं पोट, त्यातलं एवढंही मी आधी बघितलं नव्हतं. शेवटी सगळी माहिती माझ्या फोनवर घेऊन तोच तिला दिला.

दुसऱ्या दिवशी आकृती टीव्हीभर दिसली. बायका खूश झाल्या. मग पुढची आकृती काढताना आईचं बोट चुकलं आणि मापांची यादी उघडली. फोनवर जे, तेच टीव्हीवर. एका नावापुढे आईनं लिहिलं होतं, ‘डाव्या बाजूचं ऑपरेशन, ब्लाउजला आतून कापूस भरणे.’ ती बाई दाराशीच बसली होती.

आई पदर पसरून टीव्हीसमोर उभी राहिली. मी केबल उपटली. तोवर ती बाई उठून गेली होती.

संध्याकाळी आई तिच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, “बाईचं माप तिच्यापाशी न् माह्यापाशी. टीव्हीले त्याचं काय करायचं?”

सुट्टीचे उरलेले दिवस मी ओट्यावर बसून ॲप बदललं. टीव्हीकडे फक्त आकृती जाईल, बाकी सगळं आईच्या हातातच राहील, असं केलं. चौथ्या दिवशी ती बाई आली आणि आपल्या जागी बसली. आईनं तिच्या हातात कात्री दिली.

गुडघ्यांमुळे आईनं वर्ग सोडला, तेव्हा तो पुढे चालवायला मशिनी त्याच बाईनं नेल्या. तिच्या फोनवर ॲप घालून द्यायला मी तिच्याकडे गेले. तिनं फोन पुढे केला आणि म्हणाली, “मापायचं पान मले नीट समजावून सांग, पोरी.”