सातवं सूप

माशाचा एक घास जिभेवर ठेवून तो मासा काय खाऊन वाढला हे सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तिचा मला भयंकर हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. खर्डीजवळच्या आमच्या गावात तिला सगळे पेंडवाली काकी म्हणत. कुणाकडे कालवण झालं की पोटाकडचा एक तुकडा वाटीतून तिच्याकडे जायचा. ती डोळे मिटून चघळायची आणि सांगायची, हा धरणातला, शेवाळावरचा. हा हॉटेलच्या उष्ट्यावर पोसलेला. एकदा माझ्या तळ्यातला मासा तोंडात घालून ती चारचौघांत म्हणाली, "सुकटीचा वास येतो रे याला. ताजा खातोय का सुका, तेच कळत नाय." सगळे हसले. मीही हसलो, पण ते जेवण मला गेलं नाही.

मासे पाळणाऱ्या आमच्या गटाची दोन तळी होती, एकाच बांधाला लागून. वरचं माझ्याकडे, खालचं काकीकडे, दोन्हींत चिलापी जातीचे मासे. मी ट्रेनिंग घेऊन आलेला माणूस. प्रमाणपत्राला काच लावून ते ओटीवर टांगलं होतं. माशाला मासळीच हवी हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी किनाऱ्याकडून सुक्या मासळीच्या भुकटीची पोती आणायचो. काकी चौथी शिकलेली. तिनं माझ्या पोत्यातली चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. म्हणाली, अर्धी वाळू आहे आणि उरलेलं मीठ. "आणि तिकडचा मासा मारून इकडचा वाढवायचा, तर वाढलं काय रे?" मला जास्तच राग आला.

तिचं खाद्य म्हणजे खुरासणीची पेंड. आमच्या माळांवर खुरासणी बापजाद्यांपासून पिकते, तेल माणसांना आणि पेंड बैलांना. काकी ती पेंड रात्रभर भिजत घालायची, त्यात भाताचा कोंडा आणि सोयाबीनचं पीठ मिसळून पेजेत मळायची. कच्च्या सोयाबीनला मासे नीट तोंड लावत नाहीत हे दिसल्यावर ती ते आधी भाजून घ्यायला लागली. मग कुरडयांचा सोऱ्या घेऊन खळ्यावर बसायची आणि सुपांत शेवया पाडून वाळवायची. सहा सुपं, एका रांगेत. येणारेजाणारे थांबून बघायचे. माझ्या पोत्यांकडे कुणी कधी थांबून पाहिलं नाही.

सुरुवातीला तिचे मासेही नुसत्या पेंडीकडे फिरकेनात, तेव्हा मला मनातून उकळ्या फुटल्या. तिनं मुकाट्यानं माझ्याचकडून थोडी भुकटी मागून नेली, पेंडीत कालवली आणि रोज एक मूठ भुकटी कमी करत गेली. वीसेक दिवसांत भुकटी बंद झाली, आणि माशांना त्याचा पत्ता लागला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सवय अशीच मोडायची. सांगून कुणाची मोडत नाय." मला वाटलं, ही मला शिकवतेय.

त्या वर्षी गटानं ठरवलं की ज्याच्या तळ्यात वजन जास्त भरेल, पुढच्या वर्षी दोन्ही तळी त्याच्या हाती आणि खाद्यही त्याच्या पद्धतीचं. मी घरी सांगून मोकळा झालो होतो की तळी आपलीच. पण माझ्या माशांची डोकी तेवढी मोठी दिसत होती, अंग धरतच नव्हतं. खाली काकीनं पितळी वाजवली की पाणी नुसतं उसळायचं. ते बघून माझा जीव जळायचा.

मग मी चोरी केली. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी काकी आत आडवी झाली की मी खळ्यावर जायचो आणि प्रत्येक सुपातून एकेक मूठ टॉवेलात घ्यायचो, म्हणजे कुठे खळगा दिसू नये. ते माझ्या तळ्यात टाकायचं आणि लोकांना दिसावी म्हणून वरून भुकटी भुरभुरायची. मासे अंग धरायला लागले. एकेक मुठीच्या दोन झाल्या, भुकटीचं पोतं महिनाभर पुरायला लागलं. एके दिवशी पाहतो तर खळ्यावर सातवं सूप. माझा तिळपापड झाला. म्हटलं, बाईचा डामडौल बघा, आता विकायला काढणार. रागानं मी ते सबंध सूप टॉवेलात ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशीही ते भरलेलं होतं, तिसऱ्याही.

मासे काढले तेव्हा माझं वजन थोडं जास्त भरलं. बांधावरच कालवण शिजलं आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा काकीला गेला. तो माझ्या तळ्यातला होता. तिची जीभ मी विसरलोच होतो. तिनं डोळे मिटले. माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. बराच वेळ चघळून ती एवढंच बोलली, "चांगला पोसलाय."

ठरल्याप्रमाणे दोन्ही तळी माझ्या हाती आली. आता दोन्ही तळ्यांत भुकटी टाकायची पाळी माझ्यावर आली, आणि भुकटीनं काय वाढतं ते मला पुरेपूर माहीत होतं. मी उठून म्हणालो की जिंकलो मी असलो तरी भुकटी महाग पडते, पुढच्या वर्षी काकीची पेंड वापरून बघू. लोकांनी माझ्या मोठ्या मनाची तारीफ केली. काकी डोक्याचा तुकडा चोखत होती.

दोन वर्षांनी तिचे गुडघे गेले आणि मुलीनं तिला मुरबाडला बोलावून घेतलं. शहापूरच्या स्टँडवर सोडायला मी गेलो. एसटीत बसल्यावर तिनं पिशवीतून सोऱ्या काढून माझ्या हातात दिला.

"सातवं सूप आठवतं ना रे?"

मी सोऱ्या टॉवेलात गुंडाळायला लागलो.

"सहातलं तू नेलंस की माझ्या माशांना कमी पडायचं. म्हणून तुझं वेगळं घालाया लागले." तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. "पण भुकटी सुटली ना तुझी?"

गाडी गेली. मी सोऱ्या हातात धरून तसाच उभा राहिलो. तिच्या नकळत मी जन्मात एकच गोष्ट केली होती, आणि तीही तिनंच करवून घेतलेली निघाली.

दोन्ही तळी आज माझ्याकडे आहेत. लोक वाटीतून तुकडा पाठवतात. मी डोळे मिटून चघळतो आणि काहीतरी सांगतो, मला काही कळत नाही. सुपं मात्र सात मांडतो. दुपारी मुद्दाम आत जाऊन पडतो, कान खळ्याकडे ठेवून. उठून पाहतो तर सातवं सूप जसंच्या तसं असतं. काकीवर जळणारा निदान मी तरी होतो.