प्रश्न न विचारणारा ग्रह

दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी चुका तपासायची प्रत, समोर होतं. त्यातले प्रश्न मी एकेक करून खोडत होतो. कादंबरी जतच्या बिराजदार सरांची. प्रश्न मात्र मी घातलेले.

सांगलीत एका प्रकाशनात मी संपादक होतो. विज्ञानकथा बऱ्याच हाताखालून गेल्या. बहुतेकांतले परग्रहवासी म्हणजे रंग बदललेली आपलीच माणसं. सरांचे तसे नव्हते. त्यांच्या ग्रहावर पाणी खोल जमिनीत, आणि ज्याची त्याची जागा गुप्त. म्हणून तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. 'कुठून आलास' म्हणणं म्हणजे पाण्यावर डोळा ठेवणं. पाहुणा येतो, गप्प बसतो. विश्वास वाटला तर यजमान स्वतःच पाण्याचा विषय काढतो. डोळे नसलेले, पायांनी जमिनीचे हादरे ओळखणारे ते जीव मला शेजाऱ्यांपेक्षा खरे वाटायचे. पत्नी गेल्यावर माझ्या संध्याकाळी त्यांच्याबरोबरच जातात.

तरीही मी त्यांना प्रश्न विचारायला लावले. मालक म्हणाले होते, "अहो, सगळे गप्पच बसले तर वाचक झोपेल." मला पटलं नव्हतं. पण पुस्तक दिवाळीआधी बाजारात हवं होतं. शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवायची आमची पद्धत. ते मी टाळलं.

पुस्तक निघाल्यावर सर एसटीने आले. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गप्प बसले. मी चहा मागवला, उन्हाचं बोललो. त्यांनी काहीच विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. चहा तसाच ठेवून ते गेले. नंतर त्यांचं नवं लिखाण काही आलं नाही. परीक्षणांत संवादांचं कौतुक झालं. मालकांनी ते श्रेय चारचौघांत मला दिलं आणि मी घेतलं.

आता मालकांची मुलगी कारभार बघते. दुसऱ्या आवृत्तीसाठी तिचा फोन आला, तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, प्रश्न काढा. आणि या वेळी प्रूफ सरांना तुम्हीच दाखवा."

खोडलेलं प्रूफ घेऊन जतला गेलो. सर दारातल्या बाकावर एकटेच बसले होते. अंगणात टँकरसाठी मांडलेली पिंपं. मी शेजारी बसलो. तोंडाशी येत होते ते सगळे प्रश्नच होते. राग आहे का. छापू का. म्हणून गप्प राहिलो. बाकावरची सावली सरकत माझ्या पायांवरून गेली.

शेवटी सरच म्हणाले, "पाणी हाय आत. घ्या."

पाणी प्यालो. मग केलेलं सगळं सांगितलं आणि प्रूफ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश चाळलं.

"आता बराबर हाय. छापा," ते म्हणाले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणखी एक ग्रह व्हता डोक्यात. आता आठवत न्हाई."

आवृत्ती निघाली. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगतो, शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवा. दिवाळी दरवर्षी येते.