लॅपटॉप काही दर्यात येत नाही

गेल्या हंगामात बाबांच्या होडीचं इंजिन भर दर्यात बंद पडलं आणि दोन दिवस काहीच खबर आली नाही. ते दोन दिवस आई उपाशी ओटीवर बसून होती. म्हणून मी एक पेटी बनवली. मोबाइलची रेंज संपली तरी होडी कुठे आहे, हे ती उपग्रहामार्फत आईच्या फोनवर ठिपक्यानं दाखवणार होती. बाबांची अट एकच: "भरतीच्या आधी चालली तर नेतो. पाणी काय तुजी वाट बघणार न्हाय."

भरती दुपारची. सकाळपासून मी उरणजवळच्या आमच्या बंदरात, होडीतच ठाण मांडून होते. पेटी सुरू केली की एकच रड, लायब्ररी सापडत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. प्रोग्रॅम सुरू होताना तो शोधतो. लॅपटॉपवर तर सगळं झकास चालत होतं! चिडून मी पेटीला एक चापटही मारली.

पलीकडे बाबांची उजळणी चालली होती. निघण्याआधी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, एकेका वस्तूचं नाव घेतो. खलाशानं नुसतं तोंडानं उत्तर द्यायचं नाही. वस्तूला हात लावायचा, मगच "हाय" म्हणायचं.

"तुजी ती लायब्ररी?" बाबांनी मलाही विचारलं.

"आहे ना."

"हात लाव."

"लॅपटॉपवर आहे, बाबा."

"मंग लॅपटॉप येतोय व्हय दर्यात?"

खलाशी खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चूक माझीच होती. लॅपटॉपवर आहे ते पेटीतही असणार, असं मी धरून चालले होते.

मग प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी काढली आणि पेटीत एकेक शोधली. तीन नव्हत्या. दोन प्रोग्रॅमशेजारी आणून ठेवल्या आणि त्याला बजावलं, आधी इथेच बघ. तिसरी ठेवली तर ती चौथी मागू लागली. शेवटी तिसरी आणि चौथी प्रोग्रॅमच्या पोटातच घालून सगळं पुन्हा कंपाइल केलं, म्हणजे कोडचं पेटीला चालवता येईल असं रूप बनवलं.

पाणी चढलं, होडी डुलायला लागली. "झालं का?" बाबा ओरडले. "झाल्याशिवाय उठत नाही," मी म्हणाले. लॅपटॉपची केबल काढून टाकली, पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. हिरवा दिवा लागला.

बाबांनी यादी पहिल्यापासून घेतली. बर्फ, पाणी, डिझेल, दोर. शेवटी म्हणाले, "पेटी?" मी हात लावून "हाय" म्हटलं आणि लॅपटॉप घेऊन होडीतून उतरले.

संध्याकाळी आई ओटीवरच बसली होती, पण या वेळी पुढ्यात ताट होतं. फोनवर ठिपका हळूहळू सरकत होता. तिनं एक घास खाल्ला, डावा हात ठिपक्याला लावला आणि स्वतःशीच म्हणाली, "हाय."